अर्धी भरलेली बॅटरी

बॅटरीवाल्याने गिऱ्हाइकात जीव गुंतवू नये. असा काही कायदा भिवंडीत नव्हता. असता तर सोमाने तो मुकाट्याने पाळला असता, कारण सोमा मुळातच कायद्याने चालणारा माणूस. नारपोलीत कापडाच्या दोन लूम-कारखान्यांच्या मधल्या बोळात त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ट्रकच्या, रिक्षांच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव. ॲसिडने सोमाच्या पँटची चाळण झाली होती, बोटांची टोकं कायमची पिवळी पडली होती. पण इतक्या वर्षांत एकाही ड्रायव्हरने परत येऊन, सोमाभाऊ, तुझ्या चार्जिंगने मला रस्त्यात फसवलं, असं म्हटलं नव्हतं. भिवंडीसारख्या बाजारात एवढी अब्रू कमवायची म्हणजे माणसाची हाडं झिजतात.

एकच बॅटरी होती जी सोमा अर्धी भरून द्यायचा. आणि ती ज्या बाईची होती, तिच्याइतका त्याचा जीव या जगात दुसऱ्या कुणावर नव्हता. यात शहाणपण कुठलं, असं कोणी विचारील. तर प्रेमात शहाणपण शोधणाऱ्याने दुसरं दुकान बघावं.

ती बाई म्हणजे कौसल्या. दिघाशीच्या पुढे ओढा ओलांडला की एक पाडा लागतो, तिथे ती एकटी राहायची. नव्वद-एक्याण्णवचा तो सुमार. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबले होते आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हते. कौसल्या सुईण होती. दवाखान्यात रीतसर शिकून आलेली, स्वतःची पेटी बाळगणारी. आजूबाजूच्या पाड्यांतली कुठलीही बाई अडली की तिला उचलून कौसल्येच्याच पडवीत आणायचे. ते बघून कुठल्याशा एका संस्थेने तिच्या छपरावर सोलरची एक प्लेट बसवून दिली. खाली एक छोटी बॅटरी आणि दोन बारक्या ट्यूब. त्यांनी फोटो काढले, पेढे खाल्ले, आणि संस्था जी गेली ती गेली. उन्हाळाभर दिवे झकास चालले. मग आषाढ लागला, आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन होईना, आणि एका संध्याकाळी दोन्ही ट्यूब तांबूस होऊन विझल्या.

दुसऱ्या दिवशी कौसल्या ती बॅटरी टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन नारपोलीला आली आणि दुकानाच्या पायरीवर टेकवत म्हणाली, "भावजी, दिवा मेला."

भावजी म्हणायची, कारण नातंच ते होतं. तिचा नवरा दामू हा सोमाचा चुलतभाऊ. बौद्धवाड्यात दोघे एकाच ताटात जेवून वाढले. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी दामूसाठी अंजूरला मुलगी बघायला गेले तेव्हा सोमा सोबतीला होता. दामूकडे धड सदरा नव्हता, म्हणून सोमाने त्याला आपला द्यायचा ठरवला होता, पण दामू आडदांड, सदरा त्याच्या खांद्यावर चढेना. शेवटी नवा सदरा सोमाच्याच अंगावर राहिला. मुलगी चहा घेऊन बाहेर आली, तिने एकदा नजर वर केली आणि पहिला कप नवा सदरा बघून सोमाच्या पुढे ठेवला. घरभर हसू उसळलं. बायांनी तोंडाला पदर लावले, मुलीचा चेहरा लालबुंद झाला, आणि दामूनेही मोठ्या मनाने हसून दुसरा कप उचलला. सगळे हसले, सोमा सोडून. त्याला त्या घटकेला कळून चुकलं की आपलं काहीतरी इथेच राहून गेलं.

पुढे दामूचं लग्न झालं, सोमाचंही झालं. हौसा चांगली बायको होती आणि सोमाने तिच्याशी प्रामाणिकपणे संसार केला, त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. दामू काविळीने गेला. हौसाही काही वर्षांनी गेली. दोघांच्याही मुली आपापल्या घरी नांदत होत्या. राहिले होते ते हे दोघे, एक नारपोलीच्या बोळात आणि एक ओढ्यापलीकडे. मधला रस्ता एसटीचा होता. पण नुसतं भेटायला म्हणून त्या एसटीत चढावं असं नातं ते नव्हतं.

तर त्या दिवशी सोमाने बॅटरी तपासली आणि मान हलवली. "ही गेली, वहिनी. आणि नवी आणली तरी पावसाळ्यात एकट्या प्लेटीवर भागायचं नाय. दुसरी सोय पायजे."

"मंग सांगा की कंची सोय. तुमी त्यातलं जानता."

"एक म्हंजे रॉकेलवरचं जनरेटर. दोरी ओढली की उजेड."

"आवाज किती करतं?"

सोमाने भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे लूम धडधडत होते. "त्याचा धाकटा भाऊ समजा."

"नगं," कौसल्या ताबडतोब म्हणाली. "बाळाचं पयलं रडनं कानानं ऐकावं लागतं, भावजी. काही काही पोरं इतकं बारीक रडत्यात, उंदराच्या पिल्लावानी. त्या भडभडीत मला ते कळंल कसं?"

जनरेटर खोडून झालं. दुसरी प्लेट घ्यावी, तर ढगाखाली एक काय आणि दोन काय, उजेडाची बोंबच. मग सोमा म्हणाला, खरी सोय म्हणजे मोठ्या पोटाची बॅटरी. टेलिफोनवाल्यांकडे असतात तसले ते ढब्बू सेल. आपल्याकडे बायका आगोट भरतात ना, सुकी मासळी, मीठ-मिरची, लाकूडफाटा, सगळं पावसाळ्याआधी घरात. तसे ते सेल उन्हाळ्यात काठोकाठ भरून ठेवायचे आणि पावसाळाभर पुरवून पुरवून खायचे. छपरावरची प्लेट रोज थोडी थोडी भर घालत राहते. "पण ते सेल आपल्याला कोण देतंय," असं म्हणून सोमाने तो विषय तिथेच सोडला. शेवटी ठरलं ते असं: जीपच्या जुन्या पण धडधाकट दोन बॅटऱ्या घ्यायच्या. एक घरी दिवे पेटवील, दुसरी नारपोलीला सोमाकडे भरत राहील. उतरलेली आणून द्यायची, भरलेली घेऊन जायची. पावसाळ्यात आठवड्याला एक खेप.

हे ठरवताना सोमाच्या मनात पाप नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. पाप नंतर आलं.

आलं तेही वीज मंडळाच्या वाटेने. एकदा लूमच्या भागात दिवसभर वीज नव्हती, कौसल्या तर दारात उभी, आणि शेवटच्या एसटीची तिला घाई. सोमाने अर्धी भरलेलीच बॅटरी तिच्या टोपलीत ठेवली. चौथ्याच दिवशी ती परत आली. बोळाच्या तोंडाशी, भर पावसात, डोक्यावर टोपली, कासोटा खोचलेला, ॲसिडने भोकं पडलेलं तेच जुनं लुगडं, आणि चेहऱ्यावर दमलेलं हसू. आठवड्याने दिसायची ती बाई चार दिवसांत दिसली. सोमाला एवढा आनंद झाला की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

त्यानंतर वीज होती, चार्जर धडधाकट होता, सोमाचे हातही जागेवर होते. बॅटरी भरली की नाही हे बघायला त्याच्याकडे काचेची नळी होती. ॲसिड आत ओढलं की आतला काटा तरंगायचा आणि हिरव्या पट्टीला आला की काम झालं. कौसल्येच्या बॅटरीचा काटा मधल्या पट्टीला आला की सोमा चार्जरचे चिमटे काढायचा. पहिल्यांदा त्याने स्वतःला सांगितलं की फळीवर जागा हवी आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की ट्रकवाला खोळंबलाय. तिसऱ्यांदा काहीच सांगितलं नाही.

ती यायची आणि लाकडी खोक्यावर बसायची. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून दोन कटिंग यायचे. लूमच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे जवळ सरकून, जवळजवळ कानातच बोलावं लागायचं, आणि लूमचा तो आवाज जन्मभर ज्याच्या डोक्यात गेला होता तो सोमा आता त्यालाच दुवा द्यायचा. ती काय सांगायची? पाड्यावरच्या गोष्टी. कुणाला पायाळू मुलगी झाली, कुणाच्या सासूने सुनेला शेवटच्या दिवसापर्यंत भाताच्या आवणीला उभं केलं. एसटीचा कंडक्टर बॅटरी बघून रोज कुरकुरायचा, ॲसिड सांडलं तर कोण जबाबदार म्हणायचा. एक दिवस ती त्याला म्हणाली होती, "तुज्या बायकोला कळा येतील तवा माज्याच दारात येशील, तवा मी बी तिकीट मागंन." ते सांगताना ती इतकी हसली की चहा लुगड्यावर सांडला. सोमा तिला बघत बसला. एवढं सुख या बोळात मावतं तरी कसं, असं त्याला वाटायचं. ती गेली की दुकान रिकामं व्हायचं. बॅटऱ्या तेवढ्याच, पण दुकान रिकामं. मग तो दिवस मोजत बसायचा आणि आपण अर्धीच भरून दिली हे आठवून त्याला बरं वाटायचं.

शेजारच्या कारखान्याचे अन्सारीचाचा वीज गेली की पान जमवत सोमाच्या पायरीवर येऊन बसायचे. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा म्हणाले, "सोमाभाई, ट्रकवालों की फुल और घरवालों की आधी? ये कैसा उल्टा धंदा है तुम्हारा?"

"पुरानी बॅटरी है चाचा, ज्यादा लेती नहीं," सोमा म्हणाला. खोटं बोलायला माणसाला परकी भाषा बरी पडते.

याच्याही पुढची गोष्ट अशी, की पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका भंगारवाल्याने सहा सेल आणून सोमाच्या दारात टाकले. कुठल्याशा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा माल लिलावात निघाला होता. सोमाने ते धुतले, आतलं ॲसिड बदललं, भरून बघितले, उतरवून बघितले. पोलादासारखे निघाले. हे कुणाच्या घरी जायला पाहिजेत हे सांगायला त्याला कुणाची गरज नव्हती. हे सहा सेल त्या पडवीत बसले की कौसल्येचा पावसाळा सुटला. ना टोपली, ना कंडक्टरची कटकट, ना चिखलातून खेप. आणि ना सोमाच्या दुकानात येणं.

त्याने सेल मागच्या फळीखाली सरकवले आणि वर गोणपाट टाकलं. पाऊस लागायच्या आत पोचवू, असं तो म्हणाला. पाऊस लागला. मग म्हणाला, जरा उघडीप मिळू दे. उद्यावर ढकललेल्या कामाला पाय फुटत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सोमा तर पन्नाशीला टेकलेला.

श्रावणात ती एकदा नेहमीच्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आली, तेव्हा डोक्यावर टोपली नव्हती. सोमा आधी त्या मोकळ्या डोक्याकडेच बघत राहिला. ती खोक्यावर बसली. चहा आला तो तिने हातात घेतला नाही.

"आमच्या वरच्या पाड्यातली चंद्रा," ती म्हणाली. "पयलटकरीन. परवा सांजेला आनली. उजेड व्हता, बाळ नीट झालं. मुलगा. नाळ कापली, आन् वार पडायची व्हती तवा दिवा लाल झाला."

सोमाने आपला कप खाली ठेवला.

"लाल झाला आन् गेला. दुसरी बॅटरी तुमच्याकडं. कंदिलाची काच कवाच फुटलेली, उजेड व्हता म्हून मी आनलीच न्हाई. चिमणीवर काय दिसतंय? रगत चाललंय ते हाताला लागत व्हतं, दिसत नव्हतं. कुठून येतंय ते दिसत नव्हतं, भावजी. मी नुसती मूठ दाबून बसले. गड्यांनी झोळी केली, वढ्यातून छातीएवढ्या पान्यातून नेली, रस्त्याला ट्रक गावला म्हून दवाखान्यात पोचली."

"हाय का?" सोमाचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून त्याने परत विचारलं, "जगली का?"

"जगली. पांढरी फटक पडलीय, पन जगली." कौसल्येने आपल्या हातांकडे बघितलं. "बॅटरी त्या रातीच्या चारच दिस आदी तर भरून नेली व्हती. तुमची काय चूक, भावजी. जुनी झाली आसंल."

आणि तिने त्याच्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे, बराच वेळ. सोमाला तेव्हाच बोलता आलं असतं. बोलायला तिने दार उघडंच ठेवलं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच: "व्हय. जुनी झाली आसंल."

ती उठली आणि तयार बॅटरी घेऊन निघून गेली. त्या खेपेची बॅटरीही अर्धीच होती. सोमा मागे धावला, बोळाच्या तोंडापर्यंत गेला, पण ती रिक्षात बसून गेली होती.

चंद्रा नावाची ती पोर त्याने कधी बघितली नव्हती, तरी त्या रात्री तिचा पांढरा चेहरा त्याच्यापुढून हलेना. आपण एका बाईला बघायला मिळावं म्हणून दुसरीचा जीव टांगला, हे त्याने स्वतःशी जसं आहे तसं म्हटलं. सकाळी त्याने गोणपाट बाजूला केलं, सहाही सेल बाहेर काढले आणि चार्जरला लावले. तसले सेल घाईने भरत नाहीत. सोमाने तीन दिवस दुसऱ्या कुणाची बॅटरी लावली नाही. ट्रकवाले शिव्या घालून गेले. अन्सारीचाचा पायरीवर येऊन बसले, सेलकडे बघितलं, सोमाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता उठून गेले. काटा हिरव्याच्या शेवटाला जाऊन ठेपला तरी सोमाने आणखी एक रात्र सेल तसेच ठेवले.

मग टेम्पो केला. ओढ्यापर्यंत टेम्पो, पुढे पाड्यातल्या गड्यांनी एकेक सेल खांद्यावरून नेला. त्यांच्यात चंद्राचा नवराही होता. सोमाच्या पुढे तो सारखा हात जोडत होता, देवमाणूस म्हणत होता, आणि सोमाला वाटत होतं ओढ्याने आपल्याला आत्ताच्या आत्ता घेऊन जावं.

गडी गेल्यावर सोमाने पडवीत फळी ठोकली, सेल ओळीने मांडले, एकाला एक जोडत गेला. कौसल्या खांबाला टेकून बघत होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी दामूचा हार घातलेला फोटो होता. सोमाने काम करताना तिकडे पाठ केली होती. शेवटची वायर लावली आणि बटण दाबलं. पडवी अशी उजळली की कोंबड्या फडफडल्या.

"हेच का ते टेलिफोनवाले?" कौसल्येने विचारलं.

"हेच."

"कवा गावले?"

सोमाने पक्कड खाली ठेवली. "उन्हाळ्यात."

बाहेर चिखलात पोरं खेळत होती त्यांचा गलका येत होता. सोमा म्हणाला, "वहिनी, तुमची बॅटरी जुनी नव्हती. मी अर्धी भरून द्यायचो. दर खेपेला. मुद्दाम."

"म्हायती हाय," कौसल्या म्हणाली.

सोमाला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ती खांबापासून हलली आणि सेलवरचं रिकामं गोणपाट घडी करायला लागली. "गेल्या साली एसटी बंद व्हती तवा मी अंबाडीला नेली व्हती एकदा. थितं चक्कीशेजारी एक जन भरून देतो. हितनं धा मिन्टं. त्याची भरलेली आठ दिस चालली."

"धा मिन्टं?"

"तवाच कळलं मला."

"मग परत नारपोलीला का आलात? इतक्या लांब, वझं घेऊन?"

कौसल्येने घडी उलगडली आणि परत घातली. "तुमी अर्धी का भरली?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, आणि पंचवीस वर्षं ठाऊक होतं, आणि आज ते पडवीच्या लख्ख उजेडात दोघांच्या मधोमध पडलं होतं. हिला कळत होतं. ती दहा मिनिटांची वाट सोडून, ते ओझं घेऊन, कंडक्टरशी भांडत, पावसात भिजत आपल्याकडे येत होती. सोमाला तिथल्या तिथे रडावंसं वाटलं, आणि नाचावंसंही वाटलं.

पण कौसल्या हसत नव्हती. "त्या दिशी तुमाला म्हनलं, तुमची काय चूक. म्हनलं, बघू तुमी काय बोलता. तुमी न्हाई बोललात. आन् मी तरी कुठं बोलले? त्या पोरीच्या रगतात तुमचा वाटा हाय, तसा माजा बी हाय, भावजी. मला ठावं असून मी उतरायला आलेल्या दिव्यावर बाळंतपन घेतलं. दोघांनी मिळून केलं ह्ये आपन." तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावर विचारलं, "हे सेल किती दिस चालतील?"

सोमा इथे खोटं बोलू शकला असता. महिन्याला तपासावे लागतात, मी येत जाईन, असं म्हटलं असतं तर तिने ते खरं मानून घेतलं असतं. त्याने ते मनात म्हणूनही बघितलं. मग तो म्हणाला, "आता बघायलाच नको. पाच-सात वर्षं तरी."

"मंग आता मी नारपोलीला कंच्या कामानं येऊ?"

"काम नसलं तरी या."

"काम नसताना येनारी बाई तुमची कोन, त्ये सांगा. मंग येते."

उत्तर एका शब्दाचं होतं. सोमाला ते येत होतं. समाजात आडकाठी नव्हती. विधवेने, विधुराने पुन्हा संसार मांडल्याची उदाहरणं वाड्यातच होती. कुणी मध्ये आलं नाही, कुणी हाक मारली नाही, गोष्टींत येतात तसे ढगही गडगडले नाहीत. ती समोर उभी होती आणि वाट बघत होती. सोमाने तोंड उघडलं. पाठीमागे दामूचा फोटो होता, बाहेर चंद्राचा नवरा त्याला देवमाणूस म्हणून गेला होता, दोन्हीकडचे जावई होते, आणि वहिनी हा शब्द जिभेला असा सवयीचा झाला होता की दुसरा शब्द तिथे फिरकेना.

"सेलमधलं पाणी कमी झालं तर डिस्टिल वॉटर घाला," सोमा म्हणाला. "विहिरीचं घालू नका."

कौसल्येने घडी केलेलं गोणपाट फळीखाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं."

ती त्याला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. दोघांनी वाटेत भाताचं बोलणं केलं.

त्यानंतर तो श्रावण सरला, भादवा गेला, पुढचा आषाढही आला. कौसल्येच्या पडवीत दिवे जळत राहिले; दिवाळीपर्यंत तिथे आठ बाळंतपणं झाली असं कोणीसं सांगून गेलं. ती नारपोलीला आली नाही. सोमा दोनदा चांगला सदरा घालून एसटी स्टँडपर्यंत गेला. एकदा तर दिघाशीच्या गाडीत चढून खिडकीशी बसलाही, आणि कंडक्टरने कुठे म्हणून विचारल्यावर खाली उतरला. दुकानात सगळ्यांच्या बॅटऱ्या तो काठोकाठ भरायचा. लाकडी खोक्यावर कोणी बसलं तर त्याला बाकड्यावर बसायला सांगायचा.

तिकडचा कोणी माणूस दुकानात आला की सोमा त्याला चहा पाजायचा, पाऊसपाणी विचारायचा, आणि मग सहज आठवल्यासारखं, वायरीला फडकं मारत विचारायचा, "वहिनींकडचा दिवा कसा चाललाय?" झकास चाललाय, एकदा म्हणून गेला नाही, असंच जो तो सांगायचा. "बरं झालं," सोमा म्हणायचा, आणि ते तो मनापासून म्हणायचा. पण समोरच्याचं उत्तर येईपर्यंत जो एक श्वास जातो, तेवढ्यात, चंद्राचा तो पांढरा चेहरा आठवत असूनही, दर वेळी त्याला वाटून जायचं की या खेपेला याने सांगावं, बंद पडलाय.